नेत्यांची बॉडी लँग्वेज वाचताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

निवडणूक जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुठल्यातरी सभेची अकरा सेकंदांची क्लिप येतेच. चेहऱ्याभोवती लाल गोल आणि खाली "बघा, साहेब आतून किती हादरलेत". मी गेली सतराएक वर्षं ठाण्यात सभा, रॅल्या, उद्घाटनं, दहीहंड्या शूट करतोय, कधी गडकरी रंगायतनच्या विंगेत तर कधी टेंभी नाक्यावर टेम्पोच्या टपावर, त्यामुळे लोक मलाच विचारतात की खरंच हादरलेत का. मला काय माहीत! शेजारचे काका वीस वर्षं ओळखीचे आहेत, त्यांचा मूड मला अकरा सेकंदांत कळत नाही.

तर ज्या चुका बघून बघून मी वैतागलोय त्या एकदाच लिहून टाकतो.

एकच हालचाल धरून बसणे

ही सगळ्यात मोठी, आणि ही मी स्वतः धूमधडाक्यात केलीय. 2017 ची पालिका निवडणूक, वर्तकनगरच्या बाजूला एका चौकात संध्याकाळची सभा. मोठे नेते येणार म्हणून तीन कॅमेरे लावलेले आणि मी टाइट फ्रेमवर, म्हणजे फक्त चेहरा आणि छाती. नेमका त्याच दिवसांत मला बॉडी लँग्वेजचा किडा चावला होता, चार व्हिडिओ बघून मी स्वतःला लई शहाणा समजायला लागलो होतो. भाषण सुरू झालं आणि साहेबांचा हात सारखा मानेकडे. कॉलरमध्ये बोट घालून ओढतायत, खांदा झटकतायत, आणि डावीकडे उमेदवार उभा तर हे मान उजवीकडेच ठेवून बोलतायत. व्हिडिओत शिकलेलं सगळं टकाटक जुळलं की राव! मान चोळली म्हणजे टेन्शन, तोंड फिरवलं म्हणजे नाराजी. रात्री दोनपर्यंत बसून क्लिप कापली, स्लो मोशन केली, बाण टाकले आणि वर लिहिलं "उमेदवारावर साहेब नाराज?" शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की आपली जबाबदारी संपली असं तेव्हा वाटायचं. सकाळी क्लिप आख्ख्या वॉर्डात फिरत होती. उमेदवाराच्या भावाचा फोन आला, तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर हार बनवणारा एक पोरगा भेटला, सहज बोलता बोलता म्हणाला, "दादा, परवा वाट लागली असती. मोठ्या हाराचा दोरा ऐनवेळी तुटला, तारेने बांधला आणि टोक आत वळवायचं राहिलं." माझा चहा तिथेच थांबला. घरी येऊन वाइड कॅमेऱ्याचं फुटेज काढलं. हार गळ्यात पडायच्या आधी वीस मिनिटं साहेब स्टेजवर बसलेत, हात एकदाही मानेकडे नाही, उलट त्याच उमेदवाराच्या कानात काहीतरी सांगून दोघं खदाखदा हसतायत. हार पडला आणि चुळबुळ सुरू झाली. तार डाव्या बाजूला टोचत होती म्हणून मान उजवीकडे! सातव्या-आठव्या मिनिटाला कोणीतरी हार काढून घेतो, त्यानंतर शेवटपर्यंत सगळं शांत. हे सगळं आमच्याच हार्ड डिस्कवर पडलेलं होतं, मी बघितलं नव्हतं इतकंच.

पोस्ट डिलीट केली पण तोवर लोकांनी डाउनलोड करून घेतलेली, ती महिनाभर फिरतच राहिली. उमेदवाराला जाऊन सॉरी म्हणालो. त्यांनी चहा पाजला, शूटिंगचं उरलेलं बिल मात्र आजतागायत दिलं नाही, आणि मीही परत मागितलं नाही.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, शास्त्रीय वगैरे काही नाही. शंभर पानी वही घेतो आणि पहिल्या दिवशी त्यात फक्त दिसलेलं लिहितो. "हात मानेकडे, 7 वाजून 42 मिनिटं", बस. घाबरले, चिडले, लपवतायत हे शब्द पहिल्या दिवशी बंद. दुसऱ्या दिवशी त्या हालचालीच्या आधीची पाच मिनिटं बघतो, त्यात हार, माइक, लाइट, डास, कानाशी येऊन काहीतरी सांगणारा पीए, यातलं काही ना काही सापडतंच.

माणूस एरवी कसा असतो हेच माहीत नसणे

शरद पवारांचं घ्या. त्यांच्या ओठांवरून, चेहऱ्यावरून निष्कर्ष काढणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांना 2004 मध्ये तोंडाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, त्याचा बोलण्यावर परिणाम झाला, हे ते स्वतः जाहीरपणे सांगतात. तरी दर वेळी "ओठ बघा, काहीतरी शिजतंय". अहो शिजतही असेल, पन्नासहून जास्त वर्षं राजकारणात काढलेला माणूस आहे, पण त्याचा पुरावा ओठ नाही ना!

पुतिन चालताना डावा हात नॉर्मल हलतो आणि उजवा जवळपास शरीराला चिकटलेला असतो. यावरून आजाराच्या काय काय बातम्या झाल्या. 2015 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही न्यूरॉलॉजिस्टनी वेगळी शक्यता मांडली, की हे केजीबीच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याच्या ट्रेनिंगमुळे असू शकतं, कारण तिथे शस्त्र उजव्या हातात छातीजवळ धरून चालायला शिकवायचे. आणि त्यांनी आणखी काही रशियन नेत्यांचे व्हिडिओ बघितले तर तशीच चाल मेदवेदेव यांचीसुद्धा! एकट्या पुतिनना बघत बसलं असतं तर हे सुचलंच नसतं.

उलटंही होतं. 26 सप्टेंबर 1960, शिकागोची निक्सन-केनेडी टीव्ही डिबेट, दोघंही अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार. निक्सन टीव्हीवर पडेल, घामट दिसले आणि लोक आजही ते "आत्मविश्वास नसलेल्या माणसाचं" उदाहरण म्हणून देतात. माणूस गुडघ्याच्या इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलमध्ये राहून नुकताच बाहेर आलेला, वजन उतरलेलं आणि मेकअपला नाही म्हणालेला. त्यात आत्मविश्वासाचा काय संबंध?

ऐरोलीहून एक पोरगा माझ्याकडे शिकायला यायचा, पहिल्याच दिवशी विचारतो, "सर, यात शॉर्टकट काय?" मी म्हटलं एकच नेता घे, त्याची तीन आख्खी भाषणं बघ, पहिल्यांदा आवाज बंद करून, मग आवाजासकट, आणि त्यात एक भाषण असं पाहिजे की जिथे काहीच पणाला लागलेलं नाही, एखादा शाळेचा बक्षीस समारंभ वगैरे. पोरगा दीड भाषणानंतर आलाच नाही. आता त्याचं चॅनल आहे, रोज एक व्हिडिओ टाकतो. असो.

फोटोवरून निकाल लावणे

हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून जरा तिडीक आहे. फोटोग्राफर बर्स्टवर वीस फ्रेम मारतो, त्यातल्या एकीत माणूस पापणी मिटताना, शिंक आवरताना, नाहीतर "ओ" म्हणताना पकडला जातो आणि नेमकी तीच छापली जाते, कारण बातमी नाराजीची आहे. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग हो! लेन्सचंही तसंच. लांबून टेली लेन्सने काढलं तर चार फूट अंतरावरची माणसं एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि जवळ जाऊन वाइडने काढलं तर शेजारी बसलेल्या दोघांत दरी पडल्यासारखी वाटते. "दुरावा" असा कॅप्शन दिलेले काही फोटो मला माहितीयत, दुरावा लेन्सचा होता.

बाकीच्या पटापट

"93 टक्के संवाद शब्दांशिवाय होतो." हे वाक्य ऐकलं की मी उठून जातो. हा आकडा ज्याच्या नावावर खपवतात त्या मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे 1967 चे प्रयोग सुटे सुटे शब्द आणि त्यातून जाणवणारी भावना एवढ्यापुरते होते, भाषणाला ते लावू नका असं तो माणूस स्वतः सांगून दमला.

डोळे वर उजवीकडे गेले म्हणजे खोटं बोलतोय? 2012 मध्ये तपासून झालंय, काही संबंध निघाला नाही. साहेब तिकडे टेलिप्रॉम्प्टर वाचत असतील.

"मला खोटं लगेच कळतं." बरं. 2006 मध्ये शेकडो प्रयोगांचे आकडे एकत्र केले तर लोकांचा अंदाज सरासरी 54 टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवा, जवळपास तेवढंच.

जर्मनीच्या माजी चान्सलर मर्केलबाईंचा तो पोटासमोर बोटं जुळवून केलेला दोन्ही हातांचा चौकोन मनातला भाव म्हणून वाचू नका, हातांचं काय करायचं म्हणून लागलेली ती सवय. 2013 मध्ये पक्षाने बर्लिन स्टेशनजवळ त्या हातांचंच अवाढव्य होर्डिंग लावलं, म्हणजे सवयीचा लोगो झाला.

कधीकधी वाचलेलं बरोबरही निघतं. 1992 च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये थोरले बुश घड्याळ बघताना सापडले, लोक म्हणाले कंटाळलेत, आणि खरंच कंटाळलेले. पण हे पक्कं कधी कळलं, तर काही वर्षांनी मुलाखतीत त्यांनीच कबूल केलं तेव्हा.

आणि स्टेजवरच्या खुर्च्या. पहिल्या रांगेतला माणूस मागे बसला की लगेच "साइडलाइन केलं". आमच्या एका सभेत एका माजी नगरसेवकांची खुर्ची अशीच मागे गेली, दुसऱ्या दिवशी त्यावर दीड कॉलम छापून आला, अंतर्गत गटबाजी वगैरे. ती खुर्ची मी सरकवायला लावली होती, माझ्या ट्रायपॉडच्या मध्ये येत होती.