मोठ्या स्क्रीनचा फोन आणि नागपूरचं ऊन

फोन घेताना सगळे आधी इंच विचारतात. पण तो इंच एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजलेला असतो, हातात धरताना त्याचा उपयोग नाही. विचारायची ती रुंदी आणि वजन. गॅलॅक्सी एस २४ अल्ट्रा ७९ मिलिमीटर रुंद आणि २३२ ग्रॅमचा आहे, आयफोन १६ प्रो मॅक्स ७७.६ मिलिमीटर आणि २२७ ग्रॅमचा. वर कव्हर आणि काच चढली की आणखी ३०-४० ग्रॅम वाढतात. रुंदी ७५ मिलिमीटरच्या पुढे गेली की बहुतेकांचा अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यात पोचत नाही. म्हणून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फोन बघायला गेलात तर शोकेसमधला उघडा फोन हातात घेऊन ठरवू नका. कव्हर चढवायला सांगा, तो एका हातात धरा आणि अंगठ्याने वरची पट्टी खाली ओढून बघा.

मोठा फोन मुळात दोन हातांचा. एका हाताने चालवायचाच असेल तर तशी सोय आधी करून ठेवावी लागते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या शोधात ‘वन हँडेड’ टाकलं की तो मोड सापडतो; सॅमसंगमध्ये तो ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’खाली आहे. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग टच, आणि तिथे ‘रीचेबिलिटी’ चालू करा. मग स्क्रीनच्या अगदी खालच्या कडेवर बोट खाली ओढलं की वरचा भाग अर्ध्यावर उतरतो. कीबोर्डसुद्धा एका बाजूला सरकवता येतो. मराठी टाइप करणाऱ्यांना हे जास्त कामाचं, कारण जोडाक्षरासाठी बोटं जास्त फिरतात. आणि रोज लागणारी ॲप्स होम स्क्रीनच्या खालच्या दोन ओळींत आणा, वरच्या ओळी मोकळ्या सोडा.

करंगळी खाली लावून फोन तोलायची सवय मात्र मोडा. वीस-पंचवीस मिनिटांत करंगळीवर वळ उठतो आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. मागे बोट अडकवायची रिंग लावणार असाल तर ती बरोबर मधोमध लावू नका. कॅमेऱ्यामुळे बऱ्याच फोनचं डोकं जड असतं. कव्हरसकट फोन एका बोटावर आडवा तोलून बघा, जिथे तो स्थिर राहतो तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि रिंग त्या खुणेच्या किंचित खाली कव्हरवर चिकटवा, फोनच्या पाठीवर नको.

आता नागपुरातली खरी अडचण, ऊन. ॲपल आपला फोन ० ते ३५ अंशांत वापरायला सांगते आणि बंद ठेवायची मर्यादा ४५ अंशांपर्यंत देते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे सावलीतलं तापमानच त्या आकड्याला भिडतं. उन्हात उभ्या गाडीची डिक्की किंवा कारचा डॅशबोर्ड तर कितीतरी पुढे जातो. फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबतं, कॅमेऱ्याचा फ्लॅशही बंद पडतो. हा बिघाड नव्हे, फोन स्वतःला वाचवत असतो. पण त्या उष्णतेत भरलेली बॅटरी पडून राहिली की तिची क्षमता कायमची घटते, आणि ती परत येत नाही.

उन्हातून घरी आलात तर आधी कव्हर काढा, मग फोन पालथा करून सावलीतल्या फरशीवर ठेवा. पंख्याचा वारा चालतो. फ्रिजमध्ये मात्र अजिबात ठेवू नका, आत दव धरतं. कूलरच्या तोंडाशीही नको. त्या हवेत ओल असते आणि कधीकधी पाण्याचे तुषारही उडतात. हाताला कोमट लागेनासा होईपर्यंत चार्जर लावू नका.

मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती तापलेल्याच असतात. म्हणून ५००० एमएएचची बॅटरी पहाटे पाच-सहाच्या सुमारास, घर सर्वांत थंड असताना भरा. गादीवर किंवा उशीखाली नाही, फरशीवर किंवा लाकडी टेबलावर. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा मिळत असेल तर उन्हाळाभर ती चालू ठेवा. वायरलेस चार्जिंगमध्ये उष्णता जास्त निघते, ते दिवाळीनंतर वापरा.

दुचाकीच्या हँडलला फोन लावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इंजिनच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, हे ॲपलने २०२१ मध्ये स्वतः सांगितलं आहे. लावायचाच तर कंप शोषणारा होल्डर घ्या. आणि हँडलवरची एवढी मोठी काळी काच थेट उन्हात तापते. रस्ता बघायचा तर झाडाखाली थांबा. वर्धा रोडवर डबल डेकर पुलाच्या आसपास तर नकाशाला तुम्ही वर आहात की खाली हे नीट कळत नाही. चढायचं की नाही ते आधीच ठरवून निघा.

तोंडाला दुपट्टा बांधलेला असताना बरेच फोन चेहऱ्याने उघडत नाहीत. फोनमध्ये सोय असेल तर बोटाचा ठसा वापरा, आणि तो टेम्पर्ड काच बसवल्यानंतर नव्याने नोंदवा. दोन्ही अंगठे, प्रत्येकी दोनदा. घामट बोटाला सेन्सर दाद देत नाही, आधी दुपट्ट्याला पुसा.

खिशाचं शिंप्याला आधीच सांगून ठेवा. फोन साधारण १६ सेंटिमीटर उंच असतो, म्हणून कुर्त्याचा बाजूचा खिसा २० सेंटिमीटर खोल, तोंड १५ सेंटिमीटरचं आणि तळाला दुहेरी शिलाई. शर्टाच्या खिशातला फोन नळाशी वाकलं की पडतो, पँटच्या मागच्या खिशातला बसताना दाबला जातो.

मोठी स्क्रीन खाताना ताटाशेजारी उभी राहते, आणि तर्री पोह्यांची तर्री तिच्यावर उडतेच. तेलकट थेंब लगेच पुसायला जाऊ नका, तो पसरून स्पीकरच्या जाळीत शिरतो. आधी टिश्यूचं टोक थेंबाला टेकवा, तेल शोषू द्या. मग फोन बंद करून जाळीपासून लांब जाणाऱ्या दिशेने, किंचित ओल्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. काच पुसायचा स्प्रे वापरू नका, त्याने स्क्रीनवरचा तेल न धरणारा थर उतरतो. जाळी साफ करायची तर कोरडा मऊ टूथब्रश घ्या आणि फोनचं तोंड खाली धरा. पारदर्शक कव्हरवरचा हळदीचा पिवळा डाग साबणाने पूर्ण जात नाही. कव्हर धुऊन, फोनवर न चढवता, तासभर कडक उन्हात ठेवलं की बराच फिका पडतो.