गंजाचं पाणी कुठे जाणार? कॉर्टन आणण्याआधीची यादी

तळेगावला दादाच्या बंगल्यात पोर्चच्या कडेने कॉर्टनचे, म्हणजे मुद्दाम गंजू देतात त्या पोलादाचे, तीन लांबट प्लँटर (झाडांच्या पेट्या) मी बसवले ते मेच्या शेवटच्या आठवड्यात. दिसत होते झकास. जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि सकाळी सातला वहिनीचा फोन आला, "अगं, पोर्चमध्ये कुणी पान खाऊन थुंकलंय का?" कुणी थुंकलं नव्हतं. फिकट धोलपुरी फरशीवर प्लँटरच्या पायथ्यापासून जिन्यापर्यंत तांबडे ओघळ गेले होते. माळ्याने माझी वाट न बघता संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं, आणि ओघळांच्या जागी हातभर रुंद पिवळे पट्टे आले. शेवटी सहा फरशा बदलल्या, त्याही आधीच्या रंगाशी जुळल्या नाहीत. या दिवाळीनंतर त्याच घरी मागच्या अंगणात पुन्हा कॉर्टन लावायचं आहे, म्हणून ही यादी. माझ्यासाठीच आहे, पण कुणाला उपयोगी पडली तर पडो.

पहिलं काम जागेचं. समुद्र जवळ असेल तर विषय तिथेच संपवा. खाऱ्या हवेत या पोलादाचा गंज थांबत नाही. हवाई बेटांवरच्या होनोलुलूला 1975 साली याच पोलादाचं अलोहा स्टेडियम बांधलं, ते पुढे गंजतच राहिलं. समुद्रापासून दोन किलोमीटरच्या आत वापरू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. अलिबागच्या फार्महाऊसवाल्यांनी माझ्याशी वाद घालू नये. सतत ओल राहणारी जागाही नको: पागोळीखाली, कारंज्याशेजारी, स्प्रिंकलर रोज जिथे मारतो तिथे. हे पोलाद भिजलं पाहिजे आणि मग खडखडीत वाळलंही पाहिजे. असं पुन्हा पुन्हा झालं की त्यातल्या तांबं, क्रोमियम, निकेल यांच्यामुळे गंजाचा दाट, घट्ट थर धरतो आणि आतल्या धातूचं झिजणं अगदी मंदावतं. तो थर धरायला सहा महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षंही. तोवर वरचा सुटा गंज पाण्याबरोबर खाली उतरत राहतो.

आता हे वाक्य परत वाचा. खाली उतरतो. कुठे?

हा प्रश्न मी मागच्या वेळी विचारलाच नाही. ड्रॉइंगवर झाडं होती, दिवे होते, मातीची खोली होती, पाण्याचा बाण नव्हता. या वेळी टेप काढायच्या आधी खडू घ्यायचा, बादलीभर पाणी प्लँटरच्या जागेवर ओतायचं आणि ते जातं कुठे त्याची रेघ मारायची. रेघ फिकट दगडावर, सिमेंटच्या कोब्यावर किंवा पांढऱ्या भिंतीपाशी गेली तर जागा बदला, नाहीतर उतार बदला. सच्छिद्र दगड तर डाग पिऊनच टाकतो. कडाप्पा, काळा बेसॉल्ट, गडद खडी, उघडी माती चालते. प्लँटरच्या चारी बाजूंनी किमान वीतभर रुंद खडीचा पट्टा आणि त्याखालून पावसाळी गटाराकडे उतार, हे या खेपेला बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहिलं आहे. तो कापायचा विषय दादाने काढला तर मी काम सोडते.

मी एकटीच बावळट नाही, एवढं समाधान आहे. कॉर्टन हे नाव ज्या युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीचं, जिने 1933 मध्ये हे पोलाद बाजारात आणलं, तिने पिट्सबर्गला स्वतःसाठी याच पोलादाची 64 मजली इमारत उभी केली. 1970 च्या सुमारास ती पूर्ण झाली आणि सुरुवातीच्या वर्षांत तिचं पाणी आजूबाजूच्या फुटपाथवर आणि इमारतींवर उतरून सगळं तांबडं झालं. नंतर कंपनीला ते साफ करून द्यावं लागलं. तरीही, ते विसरले म्हणून आपण विसरावं असं नाही.

माल. हे पोलाद मुळात रेल्वेच्या कोळशाच्या वॅगनींसाठी गाजलं, आणि आपल्याकडेही रेल्वेच्या डब्यांमुळे ते रुळलेलं आहे, तेव्हा मिळत नाही ही सबब नको. मिळतं, फक्त प्लँटरभर माल द्यायला व्यापारी कुरकुरतो. खरी भीती वेगळी आहे: साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, नेहमीचं लोखंड) पत्र्यावर मीठ-व्हिनेगर मारून "कॉर्टन फिनिश" म्हणून विकतात. पहिल्या वर्षी दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून डोळ्यांवर विश्वास नको. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं, त्यावरचा हीट नंबर (ओतणीचा क्रमांक) प्लेटवरच्या नंबराशी जुळवायचा आणि तांबं, क्रोमियम, निकेल हे रकाने भरलेत का ते बघायचं. भारतीय मानक आयएस 11587 आहे, ते नाव घेतलं की समोरचा जरा सरळ बोलतो. सर्टिफिकेट "उद्या पाठवतो" म्हणाला तर पैसेही उद्या.

जाडी: वाफ्यांच्या काठपट्ट्यांना आणि लहान प्लँटरला 3 मिमी. त्याहून पातळ घेऊ नका, माती भरली की पोट सुटतं. लांब बाजूला आतून पट्टी किंवा मधे ताण द्यायलाच हवा. वजनाचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे 7.85 किलो. म्हणजे दोन मीटर लांब, साठ सेंटीमीटर रुंद आणि तितकाच उंच, तळ असलेला प्लँटर रिकामा शंभर किलोच्या आसपास, आणि ओल्या मातीने भरला की सव्वा टनाच्या वर. गच्चीवर ठेवायचा असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने धरलेला असतो. इथे धाडस दाखवू नका, एवढंच.

फॅब्रिकेटरकडे स्वतः जाऊन उभं राहायचं. फोनवर सगळे "हो मॅडम" म्हणतात. सांगायच्या गोष्टी: वेल्डिंगचा रॉड या पोलादासाठीचा वापर, नाहीतर जोडाची रेघ वेगळ्या रंगाची होते आणि जन्मभर दिसते. नटबोल्ट स्टेनलेसचे, गॅल्व्हनाइज्ड अजिबात नकोत, त्यांचं जस्त खाल्लं जातं. वरची धार उघडी नको, वळवून घे, पोरं पळतात. मार्करने मापं बाहेरच्या बाजूला लिहू नको. हे शेवटचं ऐकत नाहीत. मागच्या वेळी एका प्लँटरवर ठळक अक्षरांत "L/H साईड" होतं, गंज त्याच्या भोवतीने चढला आणि अक्षरं वर्षभर वाचता येत होती. प्लेटवर कारखान्यातून येणारी निळसर काळी पापडी आणि तेल दोन्ही जायला हवं, म्हणून सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या झोताने घासून घेणं. ते टाळलं तर गंज ठिपक्याठिपक्यांनी, खरजेसारखा उठतो.

आणि ग्राइंडिंग सगळं त्याच्या शेडमध्ये. साइटवर "जरासं घासून घेतो मॅडम" म्हणाला की ग्राइंडर हातातून काढून घ्या. उडालेला लोखंडाचा चुरा फरशीवर बसतो, रात्रीच्या दवात भिजतो आणि सकाळी हजार तांबडे टिपके. तेही गंजाचंच पाणी, फक्त वेगळ्या वाटेने आलेलं.

आतली बाजू. हे मागच्या वेळी मला सुदैवाने आठवलं होतं, म्हणून थोडक्यात: ओल्या मातीला लागलेलं कॉर्टन साध्या लोखंडासारखंच सडतं, कारण ते कधी वाळतच नाही. आतून कोल टार इपॉक्सीचे (डांबरी रंगाचे) दोन हात, काठापासून खाली पूर्ण, कोपऱ्यांत ब्रश कोंबून. त्यावर फुगवट्यांची प्लास्टिकची ड्रेनेज शीट. पश्चिमेच्या बाजूला थर्माकोल, कारण दुपारी पत्रा तापतो आणि कडेची मुळं शिजतात.

तळाची भोकं? इथेच तर मी फसले होते. बाहेरच्या बाजूंचं पाणी नंतर लक्षात आलं असतं कदाचित, पण भोकांतून येणारं पाणी थेट प्लँटरखाली, फरशीवर, अंधारात उतरत होतं आणि जिन्यापर्यंत गेल्यावरच दिसलं. या वेळी जमिनीवरच्या प्लँटरला तळच नाही, पाणी सरळ मातीत. जिथे तळ हवाच तिथे एकच भोक, त्याला पीव्हीसीचा तुकडा, तो थेट गटारात. आणि खाली पाय, निदान दोन इंच, हवा खेळली पाहिजे.

वेळापत्रक हे अर्धं औषध आहे. मेमध्ये बसवलं की सगळा सुटा गंज चार महिने तुमच्या अंगणात वाहतो. दिवाळीनंतर तयार करून फॅब्रिकेटरच्या मोकळ्या जागेतच ठेवायचे, सकाळी होजने भिजवायचे, दुपारच्या उन्हात वाळू द्यायचे, दोन-अडीच महिने रोज. पहिला जोर तिथे निघून जातो. मीठ मारून घाई करू नका, मीठच या पोलादाचा शत्रू आहे हे वर सांगितलं. नंतर पांढरा रुमाल घासून बघायचा. तळेगावचे प्लँटर बसवले त्या दिवशी रुमाल घासला असता तर विटकरीच झाला असता. रंग लागत असेल तर अजून थांबा. अजिबात लागणार नाही असा दिवस लवकर येत नाही, तेव्हा खडीचा पट्टा तरीही हवाच. तरीही.

बसवताना: फरशीवर आधी जाड प्लास्टिक अंथरा. चार माणसं. लेव्हल बघायला पाणसळ. मातीचा ढीग बाहेरून टेकवू नका. काठपट्टीचा जमिनीखालचा भाग लवकर झिजणार हे धरून चाला, त्यालाही डांबरी रंग द्या.

झाडं: या रंगापुढे वाळा, गवती चहा, घायपात छान उठतात. लाल पानांचं काही नको, दोघंही दिसत नाहीत. माती नेहमीचीच, काठापासून चार बोटं खाली.

पुढे: पालापाचोळा टेकलेला काढायचा. वॅक्स, लॅकर वगैरे नको. डाग पडलाच तर ओला असतानाच धुवायचा. वाळल्यावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, आधी कोपऱ्यात थेंबभर लावून, आणि संगमरवरावर नाहीच. माळ्याची ती बाटली कुलपात. पहिल्या पावसाच्या दिवशी स्वतः छत्री घेऊन तिथे हजर, खडूची रेघ आणि पाणी एकाच वाटेने जातात का बघायला. वहिनीला आदल्या रात्री फोन: पायपुसणं आत घे, पांढरी चादर तिकडे वाळत घालू नकोस.