नांदूर मध्यमेश्वरला सहकुटुंब एक दिवस: बेत कसा आखाल?

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, निफाड तालुक्यात, ब्रिटिशांच्या काळात एक बंधारा बांधला गेला. शंभर वर्षांत त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना हवी तशी दलदल आपोआप तयार झाली. १९८६ मध्ये इथे पक्षी अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागाही हीच. नाशिकहून जेमतेम ४० किलोमीटर. तरीही अनेक कुटुंबं इथून 'काही दिसलंच नाही' म्हणत परततात, कारण ती साडेअकराला पोचतात.

म्हणून बेताची सुरुवात घड्याळापासून करा. उजाडताना तुम्ही चापडगावच्या प्रवेशद्वाराशी असायला हवं. पक्षी पहिले दोन-तीन तास चरतात, उडतात, भांडतात. ऊन चढलं की लांब पाण्यात जाऊन पंखात चोच खुपसून बसतात. नाशिकहून पहाटे साडेपाचला निघालात तरी चालेल. मुंबई-पुण्याची मंडळी असाल तर आदल्या रात्री नाशकात किंवा निफाडात मुक्काम करा. रात्रभर गाडी हाकून पेंगुळलेल्या मुलांना पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर चढवण्यात काही अर्थ नाही.

महिना कोणता? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत स्थलांतरित बदकांची गर्दी असते, पण निफाडची थंडीही तेव्हाच. इथला पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तेव्हा आजी-आजोबांसाठी कानटोपी आणि शाल विसरू नका. एक बारकावा ध्यानात ठेवा: या बंधाऱ्यातून गोदावरीचे दोन्ही कालवे निघतात. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरल्या वेळी सोडलेलं पाणी, सुटलं की इथली पातळी चढते, कालव्यांनी पाणी ओढलं की उतरते. पाणी भरलेलं असेल तर बदकं चांगली दिसतात. उतरलं की चिखल उघडा पडतो आणि लांब पायांचे, चिखलात चोच खुपसणारे पक्षी काठाजवळ येतात. रोहित (फ्लेमिंगो) पाहण्यासाठीच जायचं असेल तर आधी फोन करून ते आलेत का, हे स्थानिक गाईडला विचारून घ्या. मुलांना मात्र रोहितचं वचन देऊ नका. रोहित कधी येतील हे कोणाच्याच हातात नसतं, आणि मग दिवसभर तेवढंच एक रडगाणं चालतं.

गाईड घ्याच. गावातलीच मुलं आहेत, त्यांना रोजचं पाणी आणि रोजचे पक्षी माहीत असतात आणि त्यांच्याजवळ बहुधा स्टँडवरची मोठी दुर्बीण असते. घरची दुर्बीण घेणार असाल तर ८ बाय ४२ (४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास) पुरे: आठ पट मोठं दिसतं आणि हात हलला तरी चित्र फार डगमगत नाही. लहान मुलांना ती वापरायला घरच्या गच्चीवरच शिकवून ठेवा. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. हे जमलं नाही की मूल पाच मिनिटांत कंटाळतं आणि मोबाइल मागतं.

मनोरे एकाहून जास्त आहेत. सगळे 'करून' टाकायचा मोह आवरा. एकाच मनोऱ्यावर तासभर बसा, सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरून. मुलांना पन्नास नावं पाठ करायला लावण्यापेक्षा चार-पाच ओळखी द्या. काळा, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. थवाच असतो त्यांचा, एकटा क्वचितच सापडेल. निळी-जांभळी, लाल चोचीची, वेलींवर तुरुतुरु चालणारी ती जांभळी पाणकोंबडी. चमचा पक्षी चोच पाण्यात बुडवून डावी-उजवीकडे फिरवत चालतो, ते पाहून पोरं हमखास हसतात. गुलाबी काटकुळ्या पायांचा शेकाट्या. आणि पसरट चोचीचा थापट्या बदक. एवढे ओळखता आले की पुढचे प्रश्न मुलंच विचारतात आणि उत्तरं देताना आपली फजिती होते.

कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे. लाल-पिवळी जॅकेटं आणि अत्तर घरी. पक्ष्यांना फरसाण-पाव टाकायचा नाही, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत. काठावरचा चिखल वरून सुकलेला दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो. लहानग्यांचा हात सोडू नका, आणि पाण्यात उतरण्याचा विषयच नको.

खाणं घरून न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा. कुरकुरणारी पाकिटं टाळा: कचरा होतोच, शिवाय त्या आवाजाने जवळ आलेला पक्षीही उडतो. स्वच्छतागृहाची सोय वाटेत निफाडलाच उरकून घ्या, विशेषतः वयस्कर माणसं सोबत असतील तर. त्यांच्यासाठी घडीचं स्टूल आणि खाली थांबण्याची मुभा ठेवा. मनोऱ्याच्या पायऱ्या प्रत्येकाने चढायलाच हव्यात असं नाही. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क निघण्याआधी वन विभागाकडे विचारून घ्या.

अकरानंतर दुर्बिणी म्यान करा. नदीकाठचं मध्यमेश्वराचं देऊळ पाहा, सावलीत डबे उघडा, आजोबांना तासभर पडू द्या. ज्यांना अजून हौस आहे त्यांनी चारनंतर पुन्हा मनोरा गाठावा. संध्याकाळी थवे परततात तेव्हाचा गोंगाट सकाळपेक्षा वेगळा असतो. मात्र अंधार पडायच्या आत गाडीत बसा. आजूबाजूला ऊस आहे आणि निफाडच्या उसात बिबट्या असतो. संध्याकाळी मुलांना बांधावरून मोकळं पळू देऊ नका.

जानेवारी संपत आला असेल तर परतीच्या वाटेवर द्राक्षांचे क्रेट मांडलेले दिसतील. वजन करायला सांगण्याआधी घडाच्या टोकाचा मणी चाखा. गोडी वरून खाली उतरते, त्यामुळे टोकाचा मणी गोड लागला तर घडही गोडच निघतो.