ग्रामपंचायत सदस्यपदासाठी उभे राहण्यापूर्वी

ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या बहुतेकांची तयारी भावकीची मते, प्रभागातील बेरीज-वजाबाकी आणि पॅनेलची जुळवाजुळव इथपर्यंतच असते. निवडून आल्यावर नेमके काय करायचे, हा प्रश्न पहिल्या मासिक सभेत समोर येतो आणि तोवर न वाचलेल्या इतिवृत्ताखाली सही होऊनही गेलेली असते. हे टाळता येते, मात्र त्यासाठी अर्ज भरण्याआधीच थोडा अभ्यास केला पाहिजे.

सर्वांत आधी ध्यानात घ्यायचे ते हे की, सदस्याला एकट्याने कोणताही निर्णय घेण्याचा अधिकार नसतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार पंचायतीत लोकसंख्येप्रमाणे 7 ते 17 सदस्य असतात आणि पंचायतीचा निर्णय म्हणजे सभेत मंजूर झालेला ठराव. त्यामुळे ‘निवडून द्या, गल्लीतला रस्ता करून देतो’ हे आश्वासन देण्याचा हक्कच उमेदवाराला पोहोचत नाही. तो विषय सभेपुढे मांडणे, गावाच्या विकास आराखड्यात बसवणे आणि काम सुरू झाल्यावर त्यावर लक्ष ठेवणे एवढे मात्र त्याच्या हातात असते, आणि ते मनापासून केले तर पुष्कळ आहे. 2022 पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, असे अनेक गावांत घडते. अशा ठिकाणी गटासाठी नव्हे तर विषय समजून मत देणारे दोन-तीन सदस्य असले, तरी गावाची कामे अडत नाहीत.

पात्रतेच्या अटी नीट तपासाव्यात, कारण निवडून आल्यानंतर सदस्यत्व गेल्याची प्रकरणे प्रामुख्याने याच अटींमुळे उद्भवतात. वयाची 21 वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि गावाच्या मतदार यादीत नाव असावे. 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेल्यांना इयत्ता सातवी उत्तीर्ण असण्याची अट आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतर झालेल्या अपत्यामुळे एकूण संख्या दोनाच्या वर गेली असल्यास अपात्रता येते. घरात शौचालय असणे आणि त्याचा नियमित वापर होणे आवश्यक आहे. कराची मागणी झाल्यावर 3 महिन्यांत थकबाकी भरली नाही, तर तेही अंगाशी येते. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणाची अट मात्र लोक हलक्यात घेतात. अतिक्रमण वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर आहे, आपला संबंध नाही, हा बचाव टिकेलच असे नाही. कुटुंबातील व्यक्तीने केलेले अतिक्रमण सदस्यालाही भोवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 मधील निकालाने स्पष्ट झाले आहे. ज्यांचा जेसीबी, ट्रॅक्टर किंवा बांधकाम साहित्याचा व्यवसाय आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असणे हेही अपात्रतेचे कारण आहे.

नोकरीसाठी पुण्या-मुंबईला राहून गावात निवडणूक लढवणाऱ्यांनी विशेष विचार करावा. पंचायतीची रजा न घेता सलग 6 महिने सभांना गैरहजर राहिल्यास, किंवा सलग 4 महिन्यांहून अधिक काळ गावाबाहेर राहिल्यास, सदस्यपद रद्द होते. शिवाय मानधन सरपंच आणि उपसरपंचांना मिळते. सदस्याला केवळ बैठक भत्ता असतो आणि तो तुटपुंजा आहे.

सभा हेच सदस्याच्या कामाचे मुख्य ठिकाण आहे. मासिक सभेची नोटीस विषयपत्रिकेसह हातात आली की प्रत्येक विषयाची कागदपत्रे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ज्यांना गावात अजूनही ग्रामसेवक म्हणतात त्यांच्याकडे, आधीच मागून वाचावीत. ठराव कोणत्या शब्दांत लिहिला गेला, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे सभा संपण्यापूर्वी वाचून दाखवायला सांगावे. आपला विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. कट्ट्यावर व्यक्त केलेल्या विरोधाला चौकशीच्या वेळी काहीही किंमत नसते. कोऱ्या पानावर सही कधीही करू नये, मग समोरचा माणूस कितीही जवळचा असो.

पैशांचे कागद वाचता येणे हे मला सदस्याचे सर्वांत महत्त्वाचे कौशल्य वाटते. त्यासाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना 9 म्हणजे करमागणीची आणि नमुना 5 म्हणजे रोकडवही. एवढ्या तीन वह्या शेजारी ठेवून बसले, तर किती घरांची आकारणी झाली, किती घरपट्टी आणि पाणीपट्टी येणे होती, त्यापैकी किती वसूल झाली आणि ती कुठे खर्च झाली, हे उलगडते. स्वउत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवी. आपल्या पंचायतीत हा खर्च खरोखर होतो का, एवढा एकच प्रश्न नव्या सदस्याने पहिल्या वर्षी नेटाने लावून धरला तरी गावातील दुबळ्या घरांपर्यंत काहीतरी पोहोचेल.

केंद्राकडून येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीचे गणित वेगळे असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात त्यातील 60 टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला, आणि 40 टक्के अबंधित ठरवला गेला. कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावी लागतात. समजा, आराखड्यात एका गल्लीचे बंदिस्त गटार आहे. त्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश अशी कागदांची साखळी असते. काम झाल्यावर अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि मग देयक निघते. सदस्याने अंदाजपत्रकाची प्रत घेऊन काम चालू असतानाच जागेवर जावे, पाइपचा व्यास आणि गटाराची लांबी कागदाशी ताडून पाहावी. चर एकदा बुजवल्यावर खाली काय आहे, हे सांगणे कठीण होते.

लोक मात्र सदस्याकडे सगळ्याच अडचणी घेऊन येतात. सातबारावरचा फेरफार तलाठ्याकडचा, रेशनकार्ड तहसीलमधील पुरवठा शाखेचे, विजेची लोंबती तार महावितरणची. त्यांना परत पाठवू नये. कोणता अर्ज कुठे द्यायचा हे सांगावे आणि पोच घ्यायला लावावी.

निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या जागेवर निवडून आलेल्या सदस्याऐवजी पती किंवा दीर सभेत बसत असेल, तर तो मतदारांचा आणि त्या स्त्रीचा, दोघांचाही अवमान आहे. उभ्या राहणाऱ्या स्त्रीने अर्ज भरतानाच घरात हे स्पष्ट करावे की, सभेला मी जाणार आणि सही मी वाचूनच करणार.

‘बिनविरोध’चा आग्रह होतो तेव्हाही सावध राहावे. गावाने खऱ्या अर्थाने एकमत केले तर आनंदच आहे, परंतु पदांची बोली लावणे हा मतदानाच्या हक्काचा लिलाव आहे. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणूक प्रक्रिया राज्य निवडणूक आयोगाने याच कारणाने रद्द केली होती.

जातीच्या प्रवर्गासाठी राखीव असलेल्या जागेवर लढणाऱ्याने जात वैधता प्रमाणपत्राचा पाठपुरावा निकालाची वाट न पाहता सुरू करावा. ते मुदतीत सादर झाले नाही तर पद जाते. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत द्यावा लागतो आणि हे बंधन पराभूत उमेदवारालाही आहे. हिशेब न दिल्यास 5 वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाऊ शकते, म्हणून चहापाणी, पत्रके आणि गाडीभाडे यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात जपून ठेवाव्यात.