गच्चीवरच्या कोबी-फ्लॉवरला गड्डा धरत नाही? या चुका टाळा

खतपाणी वेळेवर दिलं, ऊनही मिळालं, तरी फ्लॉवरचं झाड नुसतं पानांवर जातं. अशा वेळी आधी बियाण्याचं पाकीट बघा. स्नोबॉल गटातल्या, म्हणजे फ्लॉवरच्या उशिरा येणाऱ्या जातींना गड्डा धरायला साधारण 10 ते 16 अंशांचा गारवा लागतो. ठाण्यात काय किंवा वाशी-नेरुळला काय, जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो. तिथे ही जात हात देणार नाही. पुसा दीपालीसारखी लवकर येणारी जात मागून घ्या, ती 20 ते 25 अंशांतही गड्डा धरते. पाकिटावर जातीचं नावच नसेल तर ते परत करा. कोबीत गोल्डन एकर चालते, लागवडीनंतर सुमारे 60 ते 65 दिवसांत तयार होते.

दुसरी चूक वेळेची. दिवाळीचा फराळ संपल्यावर बी टाकलं की गड्डा भरायच्या वेळी फेब्रुवारी-मार्चचं ऊन गाठतं. बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ट्रेमध्ये टाका आणि ऑक्टोबर हीटमध्ये दुपारपुरती हिरवी जाळी धरा. रोप 4-5 आठवड्यांचं, 4-5 पानांचं झालं की लगेच हलवा. ट्रेमध्ये रेंगाळलेलं रोप पुढे लिंबाएवढा गड्डा धरतं आणि तिथेच थांबतं. 12 इंची कुंडीत एकच रोप लावा. दोन लावायचा मोह होतो, पण मग एकही धड पोसत नाही.

आपल्याकडे रोपवाटिकेत मिळणारी लाल माती बहुधा आम्लधर्मी असते. अशा मातीत फ्लॉवरला मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य मिळत नाही. पानाचा पडदा आक्रसून मधली शीर तेवढी चाबकासारखी उरते. लागवडीआधी दोन आठवडे 12 इंची कुंडीत सुमारे 20 ग्रॅम शेतीचा चुना मिसळा. दांडा आतून पोकळ आणि गड्ड्यावर तपकिरी डाग, ही बोरॉन या दुसऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता. लीटरभर पाण्यात 1 ग्रॅम बोरॅक्स विरघळवून फवारा. जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात, म्हणून वजन करूनच घ्या.

पानांना बारीक भोकं पडली की पान उलटं करा, खाली छोटी हिरवी अळी सापडेल. ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. कोबीच्या 15 दिवस आधी शेजारच्या कुंडीत मोहरी पेरली तर पतंग आणि मावा आधी तिच्याकडे वळतात. मोहरीवर मात्र लक्ष हवं, नाहीतर तीच किडीचं माहेर होते. 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी लीटरभर पाण्यात ढवळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. कबुतरांवर औषध नाही, जाळीच बांधा.

मुळ्याची रोपं हलवू नका, मुळाला फाटे फुटतात. बी थेट कुंडीतच टाका. आणि ज्या मातीत यंदा कोबी-फ्लॉवर होता, तिथे पुढच्या हंगामात मुळा किंवा मोहरीही नको, सगळी एकाच कुळातली. तिथे मेथी किंवा वाल लावा.

तयार कोबी दोन दिवस कोरडा ठेवून एकदम भरपूर पाणी घातलं की गड्डा तडकतो. लगेच काढायचा नसेल तर झाड बुंध्याशी धरून पाव फेरा फिरवा. थोडी मुळं तुटतात, पाणी कमी ओढलं जातं आणि गड्डा आणखी आठवडाभर टिकतो.