केमोच्या आधी गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ओता

केमोची तारीख ठरली की घरातलं कोणीतरी लिम्सी (व्हिटॅमिन सी), एव्हिऑन (व्हिटॅमिन ई), सेलेनियमच्या कॅप्सूल आणून देतं. ताकद येईल, केमो बाधणार नाही, ही त्यामागची माया. पण कवच म्हणून या गोळ्या सुरू करू नका. काही केमो औषधांचा मारा थोडाफार फ्री रॅडिकल्सवर, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंवर, चालतो. या गोळ्यांतले अँटिऑक्सिडंट ते रेणू निकामी करतात, आणि चांगली पेशी कोणती नि कॅन्सरची कोणती, हे गोळीला कळत नाही. फायदाही खात्रीचा नाही: व्हिटॅमिन ई 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देऊन केलेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केमोने हातापायांना येणाऱ्या मुंग्या कमी झाल्या नाहीत.

पहिल्या केमोच्या दहा-बारा दिवस आधी घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, टॉनिकच्या बाटल्या, काढे, प्रोटीन पावडरचा डबा एका पिशवीत भरा आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिथे उपचार चालू असतील तिथे डॉक्टरांपुढे ठेवा. गोळ्या स्ट्रिपमधून काढू नका, लेबल वाचायचं असतं. मल्टिव्हिटॅमिन, ‘इम्युनिटी’ची गोळी आणि पावडर, तिन्हींत तेच व्हिटॅमिन असू शकतं आणि बेरीज कुणी करत नाही.

मात्र सगळंच स्वतःहून बंद करू नका. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध द्यायचं असेल तर फॉलिक ॲसिड आणि बी-12चं इंजेक्शन आठवडाभर आधीच सुरू करावं लागतं. ते चुकलं तर रक्तपेशी धोकादायक घसरतात. उलट कॅपेसिटाबिन या दुसऱ्या केमो औषधासोबत तेच फॉलिक ॲसिड घेतलं तर जुलाब आणि तोंडातले फोड वाढू शकतात. म्हणून फाइलवर केमोच्या औषधाचं नाव ठळक लिहून घ्या. नुसतं ‘केमो चालू आहे’ म्हटल्यावर फार्मसीवाल्याला काही कळणार नाही.

तोंड सोलवटू नये म्हणून उकळून गार केलेल्या 250 मिली पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा, गिळू नका. फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध झटक्यात शिरेतून देतात तेव्हा पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास बर्फ चघळल्याने फोड कमी होतात. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमो औषध असेल तर बर्फ वर्ज्य, गार पाणीसुद्धा नको. घसा आवळल्यासारखा होतो. शर्टाचं बटण लावताना बोटं अडखळू लागली तर पुढच्या डोसाआधीच सांगा. डोस कमी करता येतो, मज्जातंतूंना झालेली इजा मात्र कधी कधी कायमची राहते.

जेवणातल्या व्हिटॅमिनांची भीती नको. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं. धुऊन, सोलून खा. पेज, मुगाची गाठी (मुगाची रस्साभाजी), तांबडी भाजी चालते. तोंड आलं असेल तेव्हा सोलकढी नि तिखट हुमण (माशांची आमटी) टाळा, झोंबतं. तिसऱ्यो (शिंपल्या) पूर्ण उकडलेल्याच, न उघडलेली शिंपली फेकून द्या.

आणि थर्मामीटर उशाशी ठेवा. 38 सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट दिसलं की रात्र असो वा दिवस, आधी हॉस्पिटलला फोन, गरज पडल्यास 108. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना त्या गोळीने ताप उतरलेला दिसतो, पण संसर्ग आत वाढतच असतो.