हॅलोवीन सगळी गल्ली मिळून करताय? मग या चुका टाळा

आम्ही न्यू जर्सीत राहतो, आमची गल्ली पुढे बंद आहे आणि घरं चौदाच, त्यामुळे ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या संध्याकाळी, पोरं वेगवेगळे ड्रेस घालून दारोदार खाऊ मागत फिरतात तेव्हा कोण कुणाच्या दारात उभं आहे ते सगळ्यांना दिसतं. इतक्या वर्षांत आमचं जे चुकलं आणि शेजारीपाजारी जे चुकताना बघितलं ते लिहितेय, नवीन राहायला आलेल्यांना नक्की उपयोग होईल.

पहिली चूक पोर्चच्या लाईटची. लाईट चालू म्हणजे या, बंद म्हणजे आमच्याकडे नको, एवढा साधा नियम आहे आणि तो चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतो. २०२४ ला दिवाळी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली, आम्ही पोर्चवर माळा सोडल्या, पायरीवर पणत्या लावल्या आणि आत लक्ष्मीपूजनाला बसलो, आता एवढा झगमगाट बघून पोरं येणारच ना, बेल वाजतेय वाजतेय आणि आरती सोडून उठणार कोण! शेवटी मीच उठले, दार उघडलं तर पायरीवर एक चिमुकली परी, तिचा नायलॉनचा झगा मागे लोळत होता आणि पणतीपासून जेमतेम वीतभर लांब. पोटात गोळा आला माझ्या. ड्रेसचं कापड पातळ असतं, झटकन पेटतं, आणि पोराला मास्कमधून खालचं दिसतही नाही. तेव्हापासून पायरीवर बॅटरीच्याच पणत्या, तेलाच्या देवघरात. दाराशी ठेवतात त्या कोरलेल्या भोपळ्यातसुद्धा बॅटरीचाच दिवा. आणि घरात पूजा असेल तर एकाने बाहेर खुर्ची टाकून बसायचं, ते जमत नसेल तर सरळ लाईट बंद.

दुसरी चूक खाऊची, ही मी मनापासून केलेली. शंकरपाळे करून छोट्या पिशव्यांमध्ये भरून वाटले. इथले आईवडील घरी गेल्यावर पोरांची खाऊची बादली जमिनीवर ओततात, एकेक बघतात आणि जे कंपनीच्या सीलबंद पाकिटात नाही ते फेकून देतात, आणि मला विचाराल तर बरोबरच करतात, कारण दाणे, काजू, दूध, अंडी यातलं कुठल्या पोराला काय चालत नाही ते आपल्याला कुठे ठाऊक असतं? शंकरपाळे हवेत तर दुसऱ्या दिवशी डबा घेऊन शेजारी जा, आत काय काय घातलंय ते सांगा, लोक आवडीने खातात.

ॲलर्जीवरून आठवलं, दारात मोरपंखी रंगाचा भोपळा दिसला तर समजायचं की या घरी खाऊशिवाय दुसरंही काही मिळतं, स्टिकर, पेन्सिल, छोटा चेंडू असं. टेनेसीत सुरू झालेली ही पद्धत २०१४ पासून देशभर पसरली. गल्लीतल्या दोन घरांनी जरी ठेवला तरी ॲलर्जीवालं पोर रिकाम्या हाताने परत जात नाही. फक्त या वस्तू वेगळ्या वाडग्यात ठेवा, चॉकलेटच्या ढिगात टाकल्या तर काय फायदा? आपल्यातल्या शाकाहारी घरांसाठी अजून एक, गमी, मार्शमेलो, कँडी कॉर्न यात बऱ्याचदा जिलेटिन (जनावरांपासून काढलेलं) असतं, पाकीट उलटून वाचा.

'एकच घ्या' अशी चिठ्ठी लावून बाहेर वाडगा ठेवून जाऊ नका. पहिल्या दहा मिनिटांत संपतो आणि नंतर आलेली छोटी पोरं नुसती बघत राहतात. शेजाऱ्यांना विचारा, गेल्या वर्षी किती पोरं आली, बाहेरच्या भागातून गाड्या येतात का, त्या हिशोबाने आणा. संपलं तर लाईट घालवा, संकोच कसला त्यात.

खाऊ मागताना दारात 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणायचं असतं, पण एखादं पोर ते म्हणत नाही म्हणून अडवू नका. काहींना बोलता येत नाही, काही लाजतात. उंच झालेली चौदा-पंधरा वर्षांची मुलं आली तरी हसून द्या, ती गल्लीत शांतपणे फिरतायत हेच चांगलं, आदल्या रात्री आमच्याकडे मिस्चिफ नाईट, म्हणजे खोड्या काढायची रात्र असते आणि तेव्हा झाडांवर टॉयलेट पेपर आणि दारावर अंडी पडतात.

थंडीचं विसरू नका. इतक्या हौसेने आणलेल्या ड्रेसवर जॅकेट चढवलं की पोर रडायला लागतं, म्हणून ड्रेस एक साईझ मोठा घ्या आणि आतून थर्मल घाला. काळ्या ड्रेसला चमकणारी पट्टी चिकटवा. गाडीचं म्हणाल तर सगळ्यांनी आधीच ठरवून साडेपाचच्या आत गाड्या आत घ्यायच्या आणि साडेआठपर्यंत बाहेर काढायच्या नाहीत. गल्ली पूर्ण बंद करायची असेल तर बहुतेक ठिकाणी टाऊनशिपची (म्हणजे इथल्या नगरपालिकेची) परवानगी लागते, ती सप्टेंबरमध्येच मागा.

भोपळा खूप आधी कोरला तर बुरशी येऊन आत बसतो. दोन-तीन दिवस आधी कोरा, आतला गर चमच्याने खरवडून काढा, कापलेल्या कडांना व्हॅसलिन लावा, आणि झाकण तिरकं कापा म्हणजे आत पडत नाही. कोरलेला, बाहेर राहिलेला भोपळा खायचा नाही. घारग्यांसाठी छोटा 'पाय पंपकिन' (खायचा गोड भोपळा) वेगळा आणा, मोठ्याला पाणी फार आणि गोडी कमी.